ऑनलाइन नकाशांच्या साहाय्याने शाश्वत विकास शिकवणे: नाशिकच्या माध्यमिक शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातील आणि जिल्ह्यातील भूगोल, विज्ञान व जलसुरक्षा शिकवणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरे इयत्ता आठवी ते दहावीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. उदाहरणे मुद्दाम आपल्या जिल्ह्यातील घेतली आहेत. तथापि पद्धत कोणत्याही जिल्ह्यात चालेल.

शाश्वत विकास शिकवण्यासाठी नकाशाच कशाला हवा? पाठ्यपुस्तकातील व्याख्या पुरेशी नाही का?

भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या पिढीच्या गरजा भागवणारा विकास, ही १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या विद्यार्थी सहज पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि विसरतात. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या १७ उद्दिष्टांच्या रंगीत चौकटी आता बऱ्याच शाळांच्या भिंतींवर दिसतात. त्यांचेही थोड्याफार फरकाने तेच होते. या वाक्यांत ‘कुठे’ हा शब्द नसतो. पाणी कुठे पडते, कुठे अडते, कोणाच्या शेतात जाते आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, हे पाहिल्याशिवाय ‘गरज’ आणि ‘क्षमता’ हे दोन्ही शब्द पोकळ राहतात.

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांचा नकाशा उघडा. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर अंतरावर जन्मते, आणि तरीही पूर्वेकडे वळून १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगराळ भागातून निघणारी वैतरणा मात्र पश्चिमेकडे जाऊन अरबी समुद्र गाठते. पेठ आणि सुरगाण्याकडील दमणगंगा, पार व नार या नद्याही पश्चिमवाहिनी आहेत, तर कळवण-मालेगावकडील गिरणा तापीमार्गे अरबी समुद्राकडे जाते. एकाच जिल्ह्यातील पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो. ही गोष्ट फळ्यावर सांगता येते. परंतु विद्यार्थ्याने स्वतः बोटाने नकाशा सरकवत पाणलोटाची रेषा शोधली, की ती त्याची स्वतःची होते.

परस्परसंवादी नकाशा म्हणजे नेमके काय? मोबाइलवर रस्ता शोधणे त्यात येते का?

ज्या नकाशात वापरणारा स्वतः प्रमाण बदलू शकतो, माहितीचे थर चालू-बंद करू शकतो, अंतर व क्षेत्रफळ मोजू शकतो आणि शक्य असल्यास वेगवेगळ्या वर्षांची तुलना करू शकतो, तो परस्परसंवादी नकाशा होय. रस्ता शोधणे त्यात येते, पण त्यात विद्यार्थी नकाशाला प्रश्न विचारत नाही, फक्त आज्ञा पाळतो. म्हणून त्याला अध्यापन म्हणू नये.

संकेतस्थळे असंख्य आहेत. सुरुवात कोणत्यापासून करावी?

एका शैक्षणिक वर्षात दोन संकेतस्थळे पुरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. दर महिन्याला नवे साधन दाखवणाऱ्या वर्गात मुले साधन शिकतात, विषय शिकत नाहीत.

पहिले साधन म्हणून ‘भुवन’ घ्यावे. इस्रोने २००९ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर भारताची उपग्रह चित्रे आणि भूमी उपयोजनासारखे विषयवार थर मिळतात, शिवाय भारताच्या सीमा अधिकृत स्वरूपात दिसतात. दुसरे साधन ‘गुगल अर्थ’. त्यातील १९८४ पासूनचा कालपट चालवला, की नाशिक शहर कसे पसरत गेले, गंगापूर रोड, मखमलाबाद आणि पाथर्डी फाट्याच्या बाजूची शेती घरांखाली कशी गेली, हे मिनिटभरात दिसते. पाहणाऱ्या वर्गात शांतता पसरते. ती लगेच मोडू नये.

ज्यांचा हात बसला आहे, त्यांनी पुढे जावे. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने तयार केलेला जागतिक भूपृष्ठजलाचा नकाशा पाणी वर्षभर असते की काही महिनेच, हे रंगांनी दाखवतो. जलाशय आणि पाणथळ जागांसाठी त्याला तोड नाही. नांदूर मध्यमेश्वर त्यावर आवर्जून पाहावे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली, पक्षी आले, आणि जानेवारी २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. धरणाची साठवण कमी करणारा गाळच येथे अधिवास झाला. ‘गाळ चांगला की वाईट?’ हा प्रश्न नववीच्या वर्गात टाकून पाहावा. तासिका संपते, चर्चा संपत नाही.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे दर काही दिवसांनी नवी मिळतात, आणि ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४ पासून लोकांनीच मिळून तयार केलेला मुक्त नकाशा आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

अभ्यासक्रमात हे बसते कुठे? वेगळा तास मिळत नाही.

वेगळ्या तासाची गरज नाही. नववीच्या भूगोलाची सुरुवातच वितरणाच्या नकाशांनी होते. टिंब, क्षेत्रघनी (आकड्यानुसार प्रदेशाला रंग) आणि सममूल्य (समान मूल्यांच्या रेषा) या पद्धती तेथे शिकवायच्या असतातच. दहावीचे पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करते, त्यामुळे ॲमेझॉनच्या खोऱ्यात रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी माशाच्या काट्यासारखी झालेली वृक्षतोड उपग्रह चित्रावर दाखवण्यास वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. जलसुरक्षा विषयाच्या प्रकल्पासाठी तर स्थानिक पाण्याचा नकाशा हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

एका तासिकेत प्रत्यक्षात काय होऊ शकते? एखादा नमुना द्याल का?

आमच्याकडे सर्वांत चांगला जमलेला पाठ गंगापूर धरणाचा आहे. तो पस्तीस मिनिटांत बसतो, मात्र शिक्षकाने आदल्या दिवशी तो स्वतः एकदा करून पाहिलेला असावा.

प्रारंभी वर्गाला एकच वाक्य द्यावे: ‘गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला.’ पावसाळ्यात हे वाक्य नाशिककर रोज वर्तमानपत्रात वाचतात, घरात ऐकतात, पण क्युसेक म्हणजे किती, हे विचारले तर मोठ्या माणसांचीही पंचाईत होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर पाणी. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड चोवीस तास चालला, तर एक अब्ज घनफूट म्हणजेच एक टीएमसी पाणी वाहून जाते. गंगापूर धरणाची क्षमता सुमारे ५.६३ टीएमसी आहे. हा हिशेब मुलांनी वहीत करावा. तो यंत्रावर करू देऊ नये.

आता नकाशा उघडावा. धरणापासून नदीच्या काठाने शहरातील रामकुंडाच्या घाटापर्यंतचे अंतर मोजपट्टीच्या साधनाने मोजायला सांगावे, आणि तेच अंतर सरळ रेषेतही. दोन उत्तरांतील फरकावरून नदीची वळणे समजतात आणि सोडलेले पाणी घाटावर पोहोचण्यास वेळ का लागतो, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात. त्यानंतर एका उन्हाळ्याच्या आणि एका पावसाळ्यानंतरच्या चित्रावर जलाशयाची कड आखून दोन्ही क्षेत्रफळे मोजावीत. पाणी किती आटले, हे टक्क्यांत काढता येते. पण येथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, की क्षेत्रफळ निम्मे झाले म्हणून साठा निम्मा होत नाही, कारण जलाशय म्हणजे सरळ भिंतींचा हौद नव्हे. वाटी आणि ताट यांचे उदाहरण दिले, की मुद्दा लगेच उमगतो.

शेवटची दहा मिनिटे ‘हे पाणी किती जणांना किती दिवस?’ या गणितासाठी राखून ठेवावीत. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने एक टीएमसी पाणी शहराला जेमतेम १४१ दिवस पुरेल, आणि त्यात गळती, बाष्पीभवन, कारखाने, शेती यांपैकी काहीच धरलेले नाही. लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे, हे कोणीतरी लगेच सांगते. तेव्हा आजच्या अंदाजाने गणित पुन्हा मांडण्याचे काम गृहपाठ म्हणून द्यावे.

उपग्रह चित्रात हिरवे दिसते ते जंगल आणि तपकिरी दिसते ते उजाड, असे शिकवले तर चालेल का?

चालणार नाही, आणि हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. एकदा एप्रिलमधील चित्र दाखवताना मी दिंडोरी तालुक्यातील एका हिरव्या पट्ट्याला वनक्षेत्र म्हणालो. मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, तो आमच्या शिवारातला ऊस आहे. शेजारी तपकिरी दिसतेय ती द्राक्षबाग, तिची खरड छाटणी झालीये.” वर्ग हसला, मीही हसलो, आणि त्या दिवसाचा उरलेला पाठ तिनेच घेतला.

आपल्या जिल्ह्यात हे वाचन जवळजवळ उलटे करावे लागते. पेठ-सुरगाण्याकडील जंगले पानगळीची असल्याने ती उन्हाळ्यात करडी-तपकिरी दिसतात, तर त्याच दिवसांत सर्वांत गडद हिरवे दिसते ते बागायती पीक, म्हणजे नदीच्या, पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर उभे असलेले शेत. द्राक्षबागेचे चक्र त्यात आणखी गुंतागुंत करते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि दोन्ही वेळा बाग काही दिवस बोडकी. म्हणून चित्राच्या कोपऱ्यातील तारीख वाचल्याशिवाय रंगावर बोलायचे नाही, हा नियम वर्गात पहिल्याच दिवशी घालून द्यावा. पावसाळ्यातील चित्रे ढगांमुळे बहुधा निरुपयोगी असतात, हेही सांगून ठेवावे.

शेततळ्यांचा उपक्रम बऱ्याच शाळा करतात असे ऐकले. त्यात काय शिकण्यासारखे आहे?

बरेच काही, आणि शाश्वततेचा विचार शिकवण्यास याहून प्रामाणिक उदाहरण मला सापडलेले नाही. निफाड, चांदवड, सिन्नर, दिंडोरी यांपैकी कोणत्याही गावाचे स्पष्ट चित्र उघडले, की शेतांमध्ये निळसर-काळे चौकोन दिसतात. ती प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यानंतर त्यांची चर्चा घरोघरी झाली. एका गावाच्या हद्दीतील शेततळी मोजणे, त्यांची लांबी-रुंदी घेणे आणि खोली तीन मीटर धरून साठ्याचा अंदाज बांधणे, हे काम आठवीचा विद्यार्थीही करू शकतो. ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद तळ्याचा साठा २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर निघतो. बाजू उतरत्या असल्याने प्रत्यक्षात तो कमीच भरतो.

येथे चित्राची स्पष्टता म्हणजे काय, हेही आपोआप शिकवून होते. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील ३० मीटरचा, म्हणजे एवढे मोठे तळे तेथे जेमतेम एका ठिपक्याएवढे. सेंटिनेल-२ च्या चित्रात ठिपका १० मीटरचा असल्याने तेच तळे नऊ ठिपक्यांचे होते. छोटे तळे दोन्हींत हरवते. ‘नकाशात दिसत नाही म्हणून नाही’ असे म्हणता येत नाही, हे मुलांना यातून पटते.

खरा प्रश्न यापुढे आहे. तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले असेल तर ते साठवण आहे. परंतु विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरले असेल, तर भूगर्भातील सामाईक पाणी एका खासगी चौकोनात येऊन उन्हात बसले, असा त्याचा अर्थ होतो, आणि अस्तरामुळे ते पुन्हा जमिनीत मुरतही नाही. दुसरीकडे, मार्च-एप्रिलमध्ये बाग जगवण्यासाठी शेतकऱ्यापाशी दुसरा कोणता उपाय आहे, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. तळे कशाने भरले, हे कोणताही उपग्रह सांगत नाही. त्यासाठी बांधावर जाऊन विचारावे लागते. मुलांपैकी निम्म्यांच्या घरी तळे असू शकते, त्यामुळे शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये.

शाळेत संगणक कक्ष नाही, आणि मोबाइलला रेंजही नसते. मग काय करावे?

पश्चिमेकडील तालुक्यांतून हा प्रश्न सर्वाधिक येतो. तेथे थेट संकेतस्थळ उघडण्याच्या भरवशावर पाठ आखू नये. रेंज असलेल्या ठिकाणी बसून हवी ती चार-पाच चित्रे उतरवून घ्यावीत आणि तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या आकारात रंगीत छापून आणावीत. त्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून एका कागदावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर वस्ती आणि चौथ्यावर शेती असे थर मुलांनीच काढावेत. कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले, की ‘थर’ ही संकल्पना संगणकावरच्यापेक्षा अधिक चांगली कळते. हे मी समाधान मानण्यासाठी म्हणत नाही. संगणक कक्ष असलेल्या शाळेतही पहिला पाठ असाच घ्यावा.

मोबाइलमधील स्थाननिश्चिती उपग्रहांच्या संकेतांवर चालते, तिला इंटरनेट लागत नाही. ‘ओसमँड’ किंवा ‘ऑरगॅनिक मॅप्स’ यांसारख्या ॲपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा आधी उतरवून ठेवला, तर शिवारफेरीत शिक्षकाचा एकच मोबाइल पुरतो.

विद्यार्थ्यांनी स्वतः नकाशा तयार करावा का, की तयार नकाशा वाचणे पुरेसे आहे?

स्वतः तयार करावाच. ‘यूमॅप’ या मुक्त साधनावर खाते न उघडताही ओपनस्ट्रीटमॅपच्या पार्श्वभूमीवर आपली टिंबे, रेषा आणि क्षेत्रे नोंदवता येतात. शहरातील शाळांसाठी नासर्डी आणि वाघाडी या शहरातून वाहणाऱ्या छोट्या नद्या हे दोन विषय हाताशी आहेत. शाळेजवळचा अर्धा-पाऊण किलोमीटरचा काठ घ्यावा; सांडपाणी कोठे मिळते, कचरा कोठे टाकला जातो, काठाला सिमेंट आहे की माती, झाडे कोणती, एवढ्याच नोंदी घ्याव्यात. नोंदींचा तक्ता आधी ठरला नसेल तर पन्नास विद्यार्थी पन्नास प्रकारची माहिती आणतात आणि ती एका नकाशावर बसत नाही. पाण्याच्या अगदी कडेला मुलांना उतरू देऊ नये, आणि पावसाळ्यात ही फेरी काढूच नये.

पुराचा नकाशा हा दुसरा उत्तम विषय आहे, कारण नाशिककरांची पूर मोजण्याची स्वतःची पट्टी आहे. ‘गंगेला’, म्हणजे गोदावरीला, ‘पूर आला’ की पहिला प्रश्न येतो, पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कोठपर्यंत लागले? गुडघ्याला, कमरेला, छातीला की डोक्यावरून? २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पालकांना आठवतात, १९६९ चा आजी-आजोबांना. मुलांनी घरी व शेजारी विचारून ‘पाणी या पायरीपर्यंत, या दुकानाच्या ओट्यापर्यंत आले होते’ अशा जागा गोळा कराव्यात, प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात आणि प्रत्येक वर्षासाठी वेगळ्या रंगाचे टिंब नकाशावर द्यावे. महाराष्ट्रात नदीकाठी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल पूररेषा आखली जाते. मुलांची टिंबे या रेषांच्या आत पडतात की बाहेर, हे ताडून पाहताना ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ शंभर वर्षे निर्धास्त राहावे असा नाही, तर दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे, हे गणिताच्या शिक्षकाने येऊन सांगितल्यास फार बरे.

पाणीवाटपासारखा वादग्रस्त विषय वर्गात आणावा का?

आणावा, परंतु नकाशा समोर ठेवून. नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून गोदावरीवरील पैठणजवळच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्याचा वाद मुलांच्या घरी बोलला जातोच, आणि मूल घरचे मत घेऊनच वर्गात येते. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो, एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. मग गोदावरीच्या काठाने नकाशा नाशिकहून पैठणपर्यंत सरकवत न्यावा आणि वाटेतील धरणे, बंधारे, कालवे, साखर कारखाने, गावे मुलांनी नोंदवावीत. वर्गाचे दोन गट करून निफाडच्या मुलांना पैठणची बाजू मांडायला लावावी. आपल्या बाजूचे मुद्दे सर्वांनाच तोंडपाठ असतात.

वाद फार एकाच दिशेने चालला, तर नकाशा पश्चिमेकडे सरकवावा. ऊर्ध्व वैतरणा धरण आपल्याच जिल्ह्यात आहे आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. ‘आमचे पाणी’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक प्रमाणावर बदलतो, हे त्या एका हालचालीत मुलांच्या ध्यानात येते.

नकाशा दिशाभूल करू शकतो का?

करू शकतो, आणि ते न शिकवता ऑनलाइन नकाशे मुलांच्या हाती देणे योग्य नाही. बहुतेक संकेतस्थळे मर्केटर प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या एका पद्धतीचा, एक प्रकार वापरतात. १५६९ मध्ये समुद्रप्रवासासाठी तयार झालेल्या या प्रक्षेपणात ध्रुवांकडील प्रदेश फुगतात. त्यामुळे ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे.

घराजवळची फसवणूक मात्र सरासरीची असते. क्षेत्रघनी नकाशात संपूर्ण नाशिक जिल्ह्याला पावसाचा एकच रंग दिला, तर इगतपुरीचा मुसळधार पाऊस आणि येवला-नांदगावची टँकरची वाट पाहणारी गावे एकाच रंगाखाली झाकली जातात. जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांचा तोच नकाशा मुलांकडून वेगळा रंगवून घ्यावा. त्यानंतर वर्गांतराच्या, म्हणजे एका रंगात येणाऱ्या आकड्यांच्या, सीमा बदलून पुन्हा रंगवावा. आकडे तेच असूनही दोन नकाशे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, हे पाहून मुले चक्रावतात. उन्हाळ्यातील वणव्यांची उपग्रही टिंबे पाहतानाही हेच लक्षात ठेवावे: टिंबाचा आकार आगीचा आकार नसतो.

परदेशी संकेतस्थळांवर भारताच्या सीमा वेगळ्या दिसतात. तेव्हा काय करावे?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत सीमा असलेला नकाशा प्रसिद्ध करणे कायद्याने गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे शाळेच्या भित्तिपत्रकात, प्रदर्शनात किंवा प्रकल्पात देशाचा नकाशा वापरायचा असल्यास तो सर्वेक्षण विभागाचा किंवा भुवनवरचा असावा. जिल्हा वा गावपातळीच्या कामात हा प्रश्न येत नाही.

विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची कोणती काळजी घ्यावी?

शाळेच्या खुल्या नकाशावर कोणत्याही विद्यार्थ्याचे घर, नाव, छायाचित्र किंवा रोजचा येण्याजाण्याचा मार्ग कधीही नोंदवू नये. घरच्या विहिरीची माहिती घ्यायची असेल तर तिचे टिंब गल्लीच्या किंवा वस्तीच्या पातळीवर ढोबळ ठेवावे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. म्हणून खाते लागणारी साधने शिक्षकाने स्वतःच्या खात्यावरूनच चालवावीत.

गुण कसे द्यावेत?

नकाशाच्या देखणेपणाला कमी, आणि त्यासोबतच्या अर्ध्या पानाच्या टिपणाला जास्त. टिपणात तीन गोष्टी पाहाव्यात: चित्राची तारीख व प्रमाण लिहिले आहे का, नकाशावरून काय कळले आणि काय कळले नाही हे वेगळे मांडले आहे का, आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन काय ताडून पाहिले. दुसऱ्या मुद्द्याला निम्मे गुण द्यावेत, असा माझा आग्रह आहे. शीर्षक, दिशा, सूची आणि प्रमाण यांचे गुण नेहमीप्रमाणे.

मी भूगोलाचा शिक्षक नाही. मला हे जमेल का?

जमेल. क्युसेकचा पाठ मुळात गणिताचा आहे, पूरस्मृतींचा मराठीचा, आणि शेततळ्यांचा विज्ञानाचा.

आमच्या गावाची माहितीच नकाशावर चुकीची आहे, किंवा नाहीच. मग त्यावर शिकवावे कसे?

ती चूक हाच पाठ करावा. गुगलच्या नकाशावर सुधारणा सुचवता येते, पण ती स्वीकारायची की नाही हे कंपनी ठरवते. ओपनस्ट्रीटमॅपवर शिक्षक आपल्या खात्यावरून ओढा, पाझर तलाव, सार्वजनिक विहीर, पाणवठ्याची वाट या गोष्टी थेट नोंदवू शकतात आणि त्यांची मराठी नावे देवनागरीत लिहिण्याची वेगळी सोयही तेथे आहे. दुसऱ्या नकाशावरून नक्कल करू नये. जे स्वतः पाहिले तेच लिहावे. ओढ्याचे नाव गावात दोन प्रकारे उच्चारले जात असेल, तर मुलांनी वस्तीवर जाऊन चार वडीलधाऱ्यांना विचारावे आणि मगच ते भरावे. नोंद सहसा काही वेळात नकाशावर दिसू लागते, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या तासाची सुरुवात तो ओढा शोधण्यापासून करावी.